पिठाच्या पोत्यापासून पास्काच्या मेजापर्यंत

उपवासकाळ सरत येतो आणि अमेरिकेतील अनेक घरांतून माळ्यावरची व तळघरातली जुनी खोकी खाली उतरू लागतात. ईस्टरच्या दिवशी जे मेज मांडले जाते, त्यावर नव्या भांड्यांपेक्षा जुन्या वस्तूंना मान असतो. फिकट गुलाबी किंवा हिरव्या काचेच्या ताटल्या, निळसर काचेच्या जाड बरणीत खोचलेली पिवळी डॅफोडिलची फुले, चीजच्या एखाद्या रिकाम्या पेल्यात ठेवलेला व्हायोलेटचा झुबका आणि या सर्वांखाली अनेकदा धुऊन मऊ पडलेले सुती कापड. त्या कापडाच्या कोपऱ्यात निरखून पाहिले, तर कुठल्यातरी पीठगिरणीचे अर्धवट पुसलेले नाव दिसते. ज्यांना असा वारसा लाभलेला नाही, ते जुन्या बाजारातून या वस्तू विकत आणतात आणि त्यांच्यासाठी चांगले दाम मोजतात. गृहसजावटीची मासिके दर वसंत ऋतूत अशा मेजांची रंगीत छायाचित्रे छापतात.

ही एक हौस आहे असे म्हणून आम्ही ती सोडून दिली असती. परंतु त्या मेजावरची एकेक वस्तू उचलून तिचे कुळमूळ विचारू लागलो, तेव्हा असे आढळले, की त्यांतील एकही वस्तू केवळ सजावटीसाठी जन्माला आलेली नाही. बरणी फळे टिकविण्यासाठी होती, कापड पीठ भरण्यासाठी होते, ताटली तर गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठी फुकट वाटलेली होती. त्यांना मेजावर शोभेचे स्थान प्रथम दिले ते मासिकांनी नव्हे, श्रीमंत संग्राहकांनीही नव्हे. ते दिले टंचाईच्या काळातील गृहिणींनी, आणि तेही घरात पुरेसे अन्न नसताना.

बरणीची कथा सर्वांत जुनी. न्यू जर्सी राज्यातील जॉन लँडिस मेसन नावाच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी एका बरणीचे पेटंट मिळविले. काचेच्या तोंडालाच आटे पाडून त्यावर फिरकीचे झाकण घट्ट बसविण्याची त्याची युक्ती होती. तोपर्यंत बरण्यांची तोंडे मेण ओतून बंद करावी लागत. उन्हाळ्यातील फळे व भाज्या हिमकाळासाठी राखून ठेवणे ज्या देशात जगण्यामरण्याचा प्रश्न होता, तेथे या साध्या झाकणाने केवढा फरक पडला असेल! मेसनला मात्र त्याचा लाभ झाला नाही. पेटंटची मुदत सरल्यावर इतरांनी त्याच बरण्यांवर धन मिळविले आणि तो १९०२ साली दारिद्र्यात मरण पावला. त्याच्या पेटंटची तारीख मात्र पुढे कित्येक दशके काचेवर उमटत राहिली. त्यामुळे आजही जुन्या बाजारात एखादा भाबडा गिऱ्हाईक बरणीवरची तारीख वाचून ती १८५८ सालचीच आहे असे समजतो, आणि दुकानदारही त्याचा तो समज मोडण्याची घाई करीत नाही.

या बरण्या सर्वांत अधिक बनविल्या त्या बॉल नावाच्या पाच भावांनी. बफेलो शहरातील त्यांचा कारखाना जळाला. इंडियाना राज्यात नैसर्गिक वायू मुबलक सापडला होता. तेव्हा १८८७ च्या सुमारास त्यांनी आपले बस्तान तेथील मन्सी या गावी हलविले. त्यांच्या जुन्या बरण्यांची निळसर झाक आज संग्राहकांना वेड लावते. ती कोणी मुद्दाम दिलेली नव्हती. मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूत लोहाचा अंश होता, त्याची ती किमया. मिशिगन सिटी या गावाजवळ सुमारे २०० फूट उंचीची वाळूची एक टेकडी होती. ‘हूजियर स्लाइड’ हे तिचे नाव. लोक दुरून तेथे सहलीला येत. काचकारखान्यांसाठी ही वाळू गाड्या भरभरून वाहून नेण्यात आली आणि १९२० च्या सुमारास टेकडी संपली. पुढे त्या सपाट जागी वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले. ईस्टरच्या मेजावर फुले घेऊन उभ्या असलेल्या अशा एखाद्या बरणीत त्या नाहीशा झालेल्या टेकडीची चिमूटभर वाळू आहे, असे म्हटल्यास ती कविकल्पना ठरू नये.

आता त्या कापडाकडे वळू. त्यासाठी आम्हांस अमेरिका सोडून काही काळ बेल्जियममध्ये जावे लागेल, कारण पोत्याच्या कापडाला शोभेच्या मेजावर मानाने बसविण्याचा एक मोठा प्रयोग त्या लहानशा कॅथलिक देशात झाला.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला. लूव्हेन विद्यापीठाचे प्राचीन ग्रंथालय जाळले गेले. देशातील ७० लाखांहून अधिक लोकांना पुरेल एवढे धान्य तेथे पिकत नव्हते. आयात होती, ती ब्रिटिश नाकेबंदीने थांबली. उपासमार दाराशी आली असता हर्बर्ट हूवर या अमेरिकन खाण-अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या साहाय्यार्थ एक मंडळ स्थापन झाले आणि तटस्थ हॉलंडमधील रॉटरडॅम बंदरातून पीठ येऊ लागले. मिनियापोलिस येथील पीठगिरणी व्यवसायाच्या एका पत्राचे संपादक विल्यम एडगर यांनी गिरणीमालकांना आवाहन करून १९१५ च्या आरंभी एक जहाज भरून पीठ पाठविले. या आवाहनातील एक अट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. पीठ ४९ पौंडांच्या मजबूत सुती पोत्यांतूनच द्यावे, असे त्यांनी सांगितले होते. त्याची कारणे तीन : कापसाचा धंदा त्या वेळी बसला होता, त्यास हात मिळावा, वाटप करताना पोते एका माणसाला उचलता यावे, आणि पीठ संपल्यावर त्या कापडाचे आतले कपडे शिवता यावेत. दान देताना त्या दानाच्या वेष्टनाचाही असा विचार करणारा माणूस विरळा.

बेल्जियममध्ये ही पोती मोजून घेतली जात आणि मोजून परत मागितली जात. कापसापासून स्फोटके बनतात, तेव्हा ती जर्मनांच्या हाती पडू नयेत हे एक कारण. दुसरे कारण अधिक व्यवहारी होते : रिकाम्या पोत्यांत हलके पीठ भरून ते साहाय्याचे पीठ म्हणून कोणी विकू नये! म्हणून ती पोती शिवणशाळा, धर्मभगिनींचे मठ आणि कामगार स्त्रियांची कार्यालये यांच्याकडे सोपविण्यात आली. तेथे त्यांचे कपडे तर झालेच, पण आणखीही काही घडले. लेस विणणे हा त्या देशातील स्त्रियांचा शतकानुशतकांचा व्यवसाय; युद्धामुळे तो बुडाला होता आणि हजारो हात रिकामे झाले होते. त्या हातांनी गिरणीच्या छापील नावावरून, गव्हाच्या ओंबीच्या चित्रावरून रेशमी दोरा फिरविला. कडेला लेस लावली. अमेरिकेचा ध्वज भरला, आणि आपला राष्ट्रध्वज उघडपणे फडकविण्यास मज्जाव असताना त्याचे काळे, पिवळे व तांबडे रंगही भरले. या पोत्यांची मेजावरची आच्छादने झाली, उशांचे अभ्रे झाले, पिशव्या झाल्या. त्यांतील पुष्कळ आभाराची भेट म्हणून अमेरिकेस परत गेली, काही साहाय्यनिधीसाठी विकली गेली.

येथे एक प्रश्न कोणालाही पडेल. भाकरीला मोताद झालेल्या देशाने पोत्यावर वेलबुट्टी का काढावी? पवित्र सप्ताहाच्या सोमवारी आपण जे शुभवर्तमान ऐकतो त्यात हाच प्रश्न आहे. बेथानी येथील भोजनाच्या वेळी मरियेने बहुमोल सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा ते विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले होते. बेल्जियमपुरते उत्तर द्यायचे तर ते सरळ आहे. त्या टाक्यांची मजुरी मिळत होती, म्हणजे वेलबुट्टी हीच भाकरी होती. पण एवढेच कारण असते तर पोत्यावरची गिरणीची नावे त्या स्त्रियांनी धुऊन टाकली असती. त्यांनी ती राखली आणि सजविली. ज्याने आपणांस जेवू घातले त्याला आपण केवळ हात पसरणारे म्हणून नव्हे, तर काही देणारे म्हणूनही दिसावे, ही आकांक्षा त्या नावांभोवतीच्या दोऱ्यात आम्हांस दिसते. नाताळ १९१४ च्या आपल्या सुप्रसिद्ध पत्रातून व्याप्त देशाला धीर देणारे कार्डिनल मर्सिये युद्धानंतर १९१९ साली स्वतः अमेरिकेत आभार मानण्यास गेले. त्यांच्या कितीतरी आधी त्यांच्या देशातील लेकीसुनांचे आभार समुद्रापार पोचले होते. त्या पोत्यांचा मोठा संग्रह आज आयोवा राज्यातील वेस्ट ब्रँच येथे हूवर यांच्या नावाच्या ग्रंथालयात जतन केलेला आहे.

हेच हूवर १९२८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि दैवाचा फेरा असा, की पुढल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअरबाजार कोसळून महामंदीला आरंभ झाला. १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला होता. बेघर लोकांनी गावाबाहेर उभारलेल्या पत्र्याच्या व खोक्यांच्या वस्त्यांना लोक उपहासाने ‘हूवरव्हिल’ म्हणू लागले. ज्याने परदेशच्या भुकेल्यांना जेवू घातले त्याच्याच नावाने स्वदेशातील दैन्य ओळखले जावे, हा इतिहासाचा निष्ठुरपणा होय. आणि आता पोते उसविण्याची पाळी अमेरिकन शेतकऱ्याच्या बायकोवर आली.

तिला ही विद्या नवी नव्हती. लाकडी पिंपांच्या जागी सुती पोती आली तेव्हापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, खेड्यांतील बायका त्या मांजरपाटाचे पंचे, झबली, चादरी शिवत आल्या होत्या. गिरणीवाल्यांच्याही ते ध्यानात आले. मिसुरी राज्यातील आसा बेल्स यांनी १९२४ साली पेटंट घेतले ते अशा पोत्याचे, की ज्याचे कापड माल संपल्यावर पोशाखासाठी वापरता यावे. सेंट लुई येथील एका गिरणीने त्यानुसार चौकड्यांच्या कापडात पीठ विकावयास काढले. मंदीच्या वर्षांत फुलाफुलांच्या, ठिपक्यांच्या, पक्ष्यांच्या नक्षीची पोती सर्रास येऊ लागली. बायका नवऱ्यांना कापडाचा तुकडा खिशात देऊन दुकानात पाठवीत, कारण एका पोशाखाला साधारण तीन पोती लागत आणि तिन्हींची नक्षी एकच हवी. कोंबड्यांचे खाद्य निवडताना नक्षी जुळविण्यासाठी पोत्यांची चळत उपसणाऱ्या त्या रांगड्या शेतकऱ्यांची आम्हांस गंमत वाटते.

गमतीच्या मागे कष्ट होते. साध्या पोत्यावरील छापील शाई सहजी जात नसे. रात्रभर चरबीत किंवा रॉकेलमध्ये ते भिजवायचे, कडक साबणाने चोळायचे, उन्हात टाकायचे, पुन्हा चोळायचे. तरीही कधीकधी मुलीच्या परकराच्या मागे गिरणीचे नाव उरेच, आणि वर्गातल्या मुलींचे हसू त्या मुलीला सोसावे लागे. पोत्याच्या तोंडाची साखळी टाक्याची दोरीही फेकली जात नसे. ती गुंडाळून ठेवून तिच्यातून क्रोशाची झालर विणीत आणि ती झालर त्याच कापडाच्या मेजपोसाला लावीत. वसंताच्या मेजावरचे ते मऊ कापड आणि त्याची कड, दोन्ही एकाच पोत्यातून निघत. १९४२ साली सुमारे ३० लाख स्त्रिया व मुले छापील पोत्यांचे कपडे वापरीत होती, असा अंदाज त्या काळी वर्तविला गेला होता. पुढे कागदी पिशव्या स्वस्त झाल्या आणि १९५० नंतरच्या वर्षांत सुती पोते हळूहळू मागे पडले.

राहिली रंगीत काच. तिचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. हाताने साच्यात काच दाबून वस्तू करावयाची, तर मिनिटाला एखादी होई. ओहायो राज्यातील लँकेस्टरच्या हॉकिंग कंपनीने यंत्र आणले; मंदीच्या काळात तिचे नवे यंत्र मिनिटाला ९० वस्तू पाडू लागले आणि पाच सेंटला दोन पेले विकले जाऊ लागले. काच हलकी, बुडबुड्यांची, साच्याची रेघ दाखविणारी होती. ते दोष झाकण्यासाठी तिच्यावर लेससारखी दाट नक्षी उमटवीत आणि तिला गुलाबी, हिरवा, पिवळा रंग देत. नक्षींना नावे दिली ती राजघराण्याला शोभणारी : ‘प्रिन्सेस’, ‘रॉयल लेस’, ‘मेफेअर’. यांतील काही हिरव्या काचेत युरेनियमचा अंश आहे आणि अतिनील प्रकाशात ती हिरवी उजळते. ओटच्या डब्यातून, पेट्रोल पंपावरून, किराणा दुकानातून ही भांडी भेट म्हणून घरात येत. चित्रपटगृहांनी तर आठवड्यातून एक रात्र भांड्यांसाठी राखली. तिकिटाबरोबर एक नग मिळे : या आठवड्यास बशी, पुढच्या आठवड्यास कप. संच पुरा व्हावा म्हणून बाई चित्रपट आवडो न आवडो, जात राही. क्राफ्ट कंपनीने १९३३ पासून आपले चीज रंगीत नक्षीच्या छोट्या पेल्यांतून विकण्यास आरंभ केला. त्यांपैकी काहींवर ट्युलिपची फुले होती. चीज संपले की पेला मुलांच्या दुधाला, आणि वसंतात खऱ्या फुलांना. आपल्याकडे डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस लावणाऱ्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

धंदेवाल्यांनी हे सर्व परोपकारासाठी केले असे कोणी समजू नये. नक्षीचे पोते, फुकटची बशी, फुलाचा पेला हे गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचे उपाय होते आणि ते यशस्वीही झाले. तरीपण आमिष कोणी टाकले यापेक्षा त्या आमिषाचे गृहिणीने काय केले, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. गहाण पडलेल्या शेतावरच्या घरात ईस्टरच्या दिवशी तिने पोत्याचे पांढरे आच्छादन अंथरले, आठवड्याआठवड्याने जमविलेल्या गुलाबी बश्या मांडल्या, मुरंबा संपलेल्या बरणीत फुले ठेवली. कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकडून अंडी तांबूस रंगविण्याची युरोपातून आलेली रीतही तिच्या उपयोगाची होती, कारण कांद्याच्या साली विकत आणाव्या लागत नाहीत. शिकागो व डेट्रॉइट येथील पोलिश धर्मग्रामांत पवित्र शनिवारी अंडी, पाव, मांस, मीठ भरलेल्या टोपल्या आशीर्वादासाठी वेदीपुढे ठेवीत. टोपली झाकावयास स्वच्छ पांढरे कापड हवेच, मग घरची परिस्थिती कशीही असो.

दुसऱ्या महायुद्धानंतर या इतिहासाचा धागा आपल्या देशापर्यंत आला. जगभर अन्नाची टंचाई पडली तेव्हा वृद्ध हूवर यांना पुन्हा बोलावणे आले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या विनंतीवरून दुष्काळी देशांची पाहणी करीत ते एप्रिल १९४६ मध्ये हिंदुस्थानातही येऊन गेले. पुढे १९५४ साली अमेरिकेने पी. एल. ४८० म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. त्या अन्वये आलेल्या धान्यापैकी व दूधभुकटीपैकी काही भाग कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेससारख्या संस्थांनी भारतातील धर्मप्रांतांतून गरजूंना वाटला. ही अमेरिकेच्या जनतेची देणगी आहे, विकू नये किंवा बदलून देऊ नये, अशी इंग्रजी अक्षरे त्या पोत्यांवर असत. ज्या घरांत लुगड्याची गोधडी होते आणि गोधडीचे शेवटी पोतेरे होते, त्या घरांत ही पोती रिकामी झाल्यावर फेकून दिली गेली नसतील, हे सांगावयास पुरावा कशाला हवा? फरक एवढाच, की बेल्जियमच्या पोत्यांप्रमाणे ती कोणी ग्रंथालयात जपून ठेवली नाहीत. वाचकांपैकी कोणाच्या ट्रंकेच्या तळाशी असे एखादे कापड असेल, तर ते बाहेर काढावे, त्यावरची अक्षरे वाचावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याबद्दल विचारून ठेवावे. सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

अमेरिकेत या वस्तूंचे नशीब १९७० च्या सुमारास पालटले. मंदीतल्या काचेवर त्या वर्षांपासून संग्राहकांसाठी ग्रंथ निघू लागले, नक्षीनिहाय किमती छापल्या गेल्या, आणि फुकट मिळालेल्या बशीला भाव आला. भाव आला म्हणताच नक्कल आली. १९७६ साली देशाच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने एका कंपनीने ‘माद्रिद’ ही जुनी नक्षी नव्याने काढली, तेव्हा जुनी बशी व नवी बशी कशी ओळखावी याची नवीच विद्या निर्माण झाली. आज तर नवीन कापडावर मुद्दाम पुसट अक्षरे छापून पोत्याचा आभास निर्माण करतात, आणि न वापरलेली बरणी जुनी दिसावी म्हणून तिला निळा रंग देतात. ज्या अक्षरांपायी एका मुलीने शाळेत मान खाली घातली, तीच अक्षरे आता पैसे देऊन छापून घेतली जातात, हे पाहून आम्हांस हसावे की रडावे ते कळत नाही. तरी जुन्या वस्तूंची आवड आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. कपाटात बंद बशीपेक्षा मेजावर मांडलेली बशी बरी. निदान एखादे नातवंड तिच्याकडे बोट दाखवून विचारील तरी.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात मंदीच्या आधी व नंतर ओस पडलेली शेतघरे पुष्कळ आहेत. लाकडी भिंती कुजून गेल्या, छप्पर कोसळले, विहिरीवर झुडपे माजली. परंतु दारापुढे लावलेले डॅफोडिलचे कंद सहसा मरत नाहीत. मार्च महिन्यात रानाच्या मधोमध पिवळ्या फुलांची एक सरळ ओळ उमलते आणि अंगणाची वाट कोठून कोठवर होती ते तिच्यावरून कळते. जवळपासचे लोक ईस्टरच्या आदल्या दिवशी तेथे जाऊन फुले तोडून आणतात आणि जुन्या निळ्या बरणीत ठेवतात.